‘आता घरी न्या, सेवा करा’ म्हणजे नक्की काय करायचं? गंभीर आजारातली पॅलिएटिव्ह केअर समजून घ्या

युसूफ वडगाव (ता. केज) : मोठ्या दवाखान्यातून रिपोर्टची पिशवी घेऊन माणूस घरी येतो. निघताना डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, "आता घरी न्या, सेवा करा." घरच्यांना त्याचा एकच अर्थ कळतो, की संपलं. मग कोणी झाडपाल्याच्या औषधामागं पळतं, कोणी शेत गहाण टाकून पुण्याला नेतं, कोणी नुसतं खाटेवर ठेवून वाट बघतं. रुग्ण मात्र रात्रभर कण्हत असतो आणि शेजारच्या खोलीत लेकरं जागी असतात.

हे कण्हणं बऱ्याच अंशी थांबवता येतं. आजार बरा होणार नसला तरी दुखणं, धाप, उलटी, जखमेचा वास, झोप न येणं यावर इलाज आहे, आणि तो महागही नाही. या इलाजाला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. सरकारी मराठीत उपशामक सेवा किंवा परिहारक सेवा असे शब्द दिसतात, पण दवाखान्यात विचारताना ‘पॅलिएटिव्ह’ हाच शब्द वापरावा, तो लगेच कळतो.

नाव अवघड, काम साधं

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे फक्त शेवटच्या आठ दिवसांची सेवा नव्हे. हा गैरसमज गावात आहे तसा काही डॉक्टरांतही आहे. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं, की गंभीर आजार कळल्यापासूनच ही सेवा सुरू व्हावी आणि मूळ उपचाराच्या जोडीनं चालावी. केमो चालू असलेल्या बाईलाही ती लागते, डायलिसिसवर असलेल्या माणसालाही लागते. जसजसा मूळ उपचाराचा उपयोग कमी होत जातो, तसतसा या सेवेचा वाटा वाढवायचा.

कॅन्सर सोडून इतर आजारही यात येतात. निकामी होत आलेली किडनी, थकलेलं हृदय, बिडी-चुलीच्या धुरानं गेलेलं फुफ्फुस, लकवा, कंपवात, म्हातारपणचं विसराळूपण जे घरच्यांना ‘वेड लागलं’ असं वाटतं, एचआयव्ही, पाठीचा कणा मोडून खाटेला खिळलेला तरुण, जन्मापासून अपंग लेकरू. जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना या सेवेची गरज पडते आणि त्यातल्या साधारण १४ टक्क्यांनाच ती मिळते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. न मिळणाऱ्यांत आपल्यासारख्या ग्रामीण भागातले लोक जास्त, हे वेगळं सांगायला नको.

आपल्या भागात कॅन्सरचा रुग्ण उशिरा दवाखान्यात पोचतो, ही जुनीच गोष्ट आहे. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमधून बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांची माहिती घेतली गेली आणि बायकांत गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर सगळ्यात जास्त असल्याचं पुढं आलं. पुढं उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात १ लाख ३१ हजार ७४६ महिलांचा मोठा अभ्यास झाला. एकदाच एचपीव्ही तपासणी केली तरी या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्यातून २००९ मध्ये साऱ्या जगाला कळलं. म्हणजे मांजरेच्या पलीकडच्या बायकांनी जगाला शिकवलं. तपासणी मात्र अजूनही आपल्याकडं बाईच्या अंगावरून रक्त जायला लागल्यावरच होते.

दुखणं सोसायचं नसतं

आपल्याकडं दुखणं सोसणं हा मोठेपणा मानतात. म्हातारी माणसं तर विचारलं तरी ‘बरंय’ म्हणतात. म्हणून विचारायची पद्धत बदलावी लागते. "दुखतंय का?" असं न विचारता "सोळा आण्यांत किती आणे दुखतंय?" असं विचारा. दवाखान्यात शून्य ते दहा असा आकडा विचारतात, काम तेच. रोज सकाळ-संध्याकाळ हा आकडा, कुठं दुखतं आणि कोणत्या गोळीनं किती तास बरं वाटलं, हे वहीत लिहून ठेवलं तर डॉक्टरचं अर्धं काम होतं.

गावात दुखण्यावर ठरलेला उपाय म्हणजे रोज एक सुई आणि एक सलाईन. हा प्रकार थांबायला हवा. डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची इंजेक्शनं महिनोन्महिने घेतली तर पोटात जखम होते, किडनी बिघडते. सुईचा असर गेला की दुखणं पुन्हा उसळतं आणि रुग्ण दुसऱ्या दिवसाच्या सुईची वाट बघत पडून राहतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं कॅन्सरच्या दुखण्यासाठी १९८६ मध्ये एक पायऱ्यांची पद्धत सांगितली, तिचा गाभा आजही वापरात आहे. दुखणं थोडं असेल तर पॅरासिटामॉलसारखी साधी गोळी. त्यानं भागलं नाही तर ट्रॅमाडॉलसारखं त्याहून जोरकस औषध. तरी भागलं नाही, किंवा सुरुवातीलाच दुखणं फार असेल, तर मॉर्फिन. शक्यतो तोंडानं, आणि घड्याळ बघून. दुखायला लागल्यावर गोळी द्यायची नाही, दुखायच्या आधी द्यायची. पिकाला पाणी देताना पीक वाळायची वाट आपण बघतो का? तसंच हे.

मॉर्फिन अफूपासून बनतं, म्हणून नाव काढलं की घरचे घाबरतात. ‘नशा लागेल’, ‘झोपेतच जाईल’, ‘मॉर्फिन म्हणजे शेवट जवळ आला’, या तीन शंका प्रत्येक घरात निघतात. डॉक्टरनं दुखण्याच्या मापानं ठरवून दिलेल्या मॉर्फिनमुळं कॅन्सरच्या रुग्णाला व्यसन लागण्याचा धोका फार कमी असतो. नीट मोजून दिलं तर त्यानं मरण लवकर येत नाही. उलट झोप लागते, चार घास जातात, माणूस घरच्यांशी बोलतो. काही लोक मॉर्फिन घेत महिनोन्महिने आपली कामं करतात.

साधी मॉर्फिनची गोळी सहसा दर ४ तासांनी असते, रात्रीचं वेळापत्रक डॉक्टर ठरवून देतात. सुरुवातीचे काही दिवस गुंगी आणि मळमळ होते, ती बहुतेकांची जाते. बद्धकोष्ठता मात्र जात नाही. म्हणून मॉर्फिनबरोबर पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. हे कित्येक ठिकाणी राहून जातं आणि मग रुग्ण पोटाच्या त्रासानं मॉर्फिनच सोडतो. गोळी एकदम बंद करायची नाही. किडनीच्या रुग्णाला मात्रा वेगळी लागते. रुग्ण उठवूनही उठत नसेल, श्वास फार संथ झाला असेल तर पुढची गोळी थांबवून लगेच डॉक्टरला फोन करायचा. आणि ही गोळी कुलपात ठेवायची. घरातल्या दुसऱ्या कोणाच्या कंबरदुखीला ‘जोरदार आहे’ म्हणून द्यायची नाही.

मग ही गोळी गावात का मिळत नाही?

कारण कायदा. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर मॉर्फिन ठेवायचं तर दवाखान्याला अनेक खात्यांचे परवाने लागत. कागदांच्या कटकटीपायी दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडलं. वर्षानुवर्षं डॉक्टर शिकून बाहेर पडले, पण मॉर्फिनची गोळी त्यांनी हातात धरली नाही. भारत अफू पिकवणारा देश, आणि इथलाच कॅन्सरचा रुग्ण तळमळत राहिला.

२०१४ मध्ये संसदेनं या कायद्यात दुरुस्ती केली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोनसारखी सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरवली आणि राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी केली. अशी मान्यता असलेल्या दवाखान्याला मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणतात. त्यामुळं मेडिकलवाल्याशी हुज्जत घालून उपयोग नाही. कोणत्या दवाखान्याला मान्यता आहे ते विचारायचं, तिथं रुग्णाची नोंद करायची आणि तिथूनच गोळ्या आणायच्या. नोंद झाल्यावर दर वेळी रुग्णाला नेणं नेहमी गरजेचं नसतं. कागदपत्रं घेऊन घरचं माणूस आलं तर चालेल का, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

घरी करायची कामं

खाटेला खिळलेल्या माणसाची पाठ पहिली बघा. कंबर, टाचा, खुबे, खांद्याची हाडं लाल दिसली की शय्याव्रण सुरू झाला समजा. दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीला चुण्या ठेवायच्या नाहीत, ओलं अंथरूण लगेच बदलायचं. हवेची किंवा पाण्याची गादी मिळाली तर चांगलंच, पण गादी आहे म्हणून कूस बदलणं थांबवायचं नाही. लाल झालेली जागा चोळायची नाही.

तोंडाच्या कॅन्सरची उघडी जखम हा सगळ्यात अवघड भाग. गुटखा, तंबाखू, मिश्री यांच्यापायी असे रुग्ण आपल्याकडं कमी नाहीत. जखमेचा वास येतो, माणसं दार लावून घेतात आणि रुग्ण गोठ्याशेजारी एकटा पडतो. हा वास जंतूंचा असतो आणि त्यावर औषध आहे. मिठाच्या उकळून गार केलेल्या पाण्यानं जखम धुवून त्यावर मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची पूड टाकायला पॅलिएटिव्ह डॉक्टर सांगतात, त्यानं काही दिवसांत वास कमी होतो. किती आणि कसं, ते डॉक्टरला विचारूनच. जखमेत किडे पडले तर रॉकेल किंवा फिनेल ओतू नका. दवाखान्यात ते काढता येतात. किडे पडणं हे पाप-पुण्याचं फळ नाही. जखमेवर माशी बसली, एवढंच त्याचं कारण.

तोंड कोरडं पडलं, फोड आले तर एक पेला गार केलेल्या पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि अर्धा चमचा खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या. नाकातून नळी असेल तर पाजताना आणि नंतर अर्धा तास डोकं-छाती उंच ठेवायची, पातळ आणि गाळलेलंच द्यायचं, शेवटी थोडं पाणी सोडून नळी धुवायची. लघवीच्या नळीची पिशवी नेहमी कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकलेली.

धाप लागलेल्या माणसाभोवती गर्दी करू नये. उशा लावून बसतं करा, खिडकी उघडा, तोंडावर छोटा पंखा धरा. पंख्याच्या वाऱ्यानं धाप कमी वाटते, हे तपासून सिद्ध झालेलं आहे. फार त्रास असेल तर डॉक्टर यासाठीही थोडं मॉर्फिन देतात.

खाण्यावरून प्रत्येक घरात भांडण होतं. ‘खात नाही म्हणून अशक्त झाला’ असं आपल्याला वाटतं. पुढच्या टप्प्यातल्या आजारात उलट असतं, आजारामुळं भूक मेलेली असते. ताटभर भाकरी पुढं करून बळजबरी करण्यापेक्षा दोन-दोन तासांनी चार चमचे पेज, ताक, वरणाचं पाणी, जे आवडतं ते. रुग्णानं तोंड फिरवलं तर तो घरच्यांवर रागावलेला नसतो.

कोयता निघाल्यावर मागं कोण?

केज, धारूर, वडवणी या पट्ट्यात या सेवेची खरी अडचण औषधाची नाही, माणसांची आहे. दिवाळी आटोपली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर जातात ती थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मागं राहतात म्हातारी आणि शाळेतली लेकरं. घरात खाटेवरचा रुग्ण असेल तर त्याला सांभाळायला बऱ्याचदा दुसरा म्हातारा, नाहीतर दहा-बारा वर्षांची मुलगी असते. शहरात बनवलेल्या कुठल्याही माहितीपत्रकात हे नसतं. तिथं ‘कुटुंबीयांनी आलटूनपालटून काळजी घ्यावी’ असं छापलेलं असतं.

केरळनं याच अडचणीतून वाट काढली. १९९३ मध्ये कालिकतला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदना आणि पॅलिएटिव्ह केअर सोसायटी सुरू केली. पुढं मलप्पुरम आणि आसपास गावातल्याच लोकांना शिकवून तयार केलं. आठवड्यातून काही तास देणारे शिक्षक, दुकानदार, गृहिणी, रिक्षावाले. नर्स ठरल्या दिवशी घरी येते आणि बाकी दिवस हे लोक डोकावतात, कूस बदलतात, औषध दिलं का बघतात, घरात तांदूळ आहे का तेही बघतात. २००८ मध्ये केरळ सरकारनं धोरण करून ग्रामपंचायतींना यात घेतलं. राजगोपाल यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली.

आपल्याकडं बचत गट, भजनी मंडळ, गणेश मंडळ, मशिदीची कमिटी हे सगळं आहे. गावात कोणी गेलं की अर्ध्या तासात शंभर माणूस जमतं. तीच माणसं जिवंतपणी आठवड्याला एक तास देऊ शकत नाहीत, असं नाही. त्यांना कोणी सांगितलेलं नाही. हंगामाआधी आशाताई आणि ग्रामपंचायतीनं खाटेवरच्या रुग्णांची यादी केली, कोणाच्या घरी कोण डोकावणार ते ठरवलं, तर त्याला कुठला निधी लागत नाही.

जी सून किंवा बायको वर्षभर एकटी हे करते, तिची पाठ आणि झोप दोन्ही जातात. तिला आठवड्यातून एक दिवस माहेरी, निदान बाजाराला जाऊ द्या. मनावर ताण आला, झोप उडाली तर टेलीमानस १४४१६ हा सरकारी फोन मोफत आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं.

रुग्णाला सांगायचं का?

"म्हाताऱ्याला काही सांगू नका डॉक्टर, खचून जाईल." हे वाक्य दवाखान्यात रोज ऐकू येतं. पण रुग्णाला बहुतेक वेळा कळलेलं असतं. त्याचं शरीर त्याला सांगत असतं. मग तो घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून गप्प, घरचे त्याला वाईट वाटू नये म्हणून गप्प, आणि बोलायचं ते राहून जातं. सगळं एकदम सांगायची गरज नाही. "तुम्हाला काय वाटतं, काय विचारायचंय?" एवढं विचारलं तरी माणूस बोलायला लागतो. त्याला किती कळून घ्यायचंय ते त्यालाच ठरवू द्या.

यात व्यवहारही आहे. सात-बारा, वाटणी, बँकेतलं वारस नाव, घेतलेली-दिलेली उसनवारी हे ज्याच्या डोक्यात आहे त्याला वेळेवर सांगता आलं तर पुढचे दावे टळतात. मृत्युपत्र साध्या कागदावरही चालतं, सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार हवेत. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. गुंगीत असलेल्या माणसाचा अंगठा घेणं हा मात्र गुन्हा आहे.

कुठं विचारायचं

सुरुवात आशाताईपासून. आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे आपल्या उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ज्या बारा प्रकारच्या सेवा द्यायच्या ठरल्या आहेत, त्यांत म्हाताऱ्यांची आणि पॅलिएटिव्ह सेवाही आहे. त्यामुळं उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला आणि युसूफ वडगावच्या आरोग्य केंद्रात घरभेट मागणं हा उपकार नव्हे. पुढं केजचं उपजिल्हा रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि बीडचं जिल्हा रुग्णालय. जिल्हा रुग्णालयात असंसर्गजन्य रोगांचा कक्ष, म्हणजे एनसीडी कक्ष विचारावा. राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम २०१२ पासून कागदावर आहे. प्रत्यक्षात सेवा मागणारा रुग्ण दारात आला की कागद हलतो, हाच आजवरचा अनुभव.

कॅन्सरसाठी बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल आणि छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आपल्याला जवळ. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये पॅलिएटिव्हचा स्वतंत्र विभाग आहे. तिथं उपचार घेतलेल्यांनी घरी येताना त्या विभागाची चिठ्ठी आणि फोन नंबर मागून घ्यावा. घरी ठेवणं शक्यच नसेल तर पुण्यात वारजे इथं सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून चालू आहे, आणि मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये सुरू झालेलं देशातलं पहिलं असं घर. दोन्हीकडं कॅन्सरच्या रुग्णाला पैसे घेत नाहीत. जाण्याआधी फोन करून जागा विचारावी.

कॅन्सरमुळं कामाला जाता येत नसलेल्या गरीब रुग्णाला संजय गांधी निराधार योजनेत अर्ज करता येतो, तो तहसीलमध्ये. एसटी आणि रेल्वेच्या तिकिटात कॅन्सर रुग्णाला सवलत आहे, त्यासाठी दवाखान्याचा दाखला लागतो.

शेवटचे दिवस

हातपाय गार पडतात, झोप वाढते, लघवी कमी होते, घशात घरघर होते, श्वास थांबत-थांबत येतो. ही शरीर मिटत असल्याची लक्षणं आहेत. घरघर ऐकून आपला जीव वर-खाली होतो, पण रुग्णाला त्याचा त्रास होत नसतो असं डॉक्टर सांगतात. एका कुशीवर करा, ओठ ओले ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, ते फुफ्फुसात जातं. यावेळी सलाईन लावलं तर अंगावर सूज आणि छातीत पाणी वाढायचा धोका असतो. ऐकू येणं शेवटपर्यंत शाबूत राहत असावं असं मानतात, म्हणून जवळ बसून बोलावं, हरिपाठ असो की कुराण, ज्याचं त्याला ऐकवावं. वाटणीची भांडणं त्या खोलीत नकोत.

आपल्याला शेवटी व्हेंटिलेटर नको, असं शुद्धीत असतानाच लिहून ठेवायचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ च्या निकालात मान्य केला. २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी झाली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. इंजेक्शन देऊन मरण आणणं वेगळं, त्याला आपल्या देशात परवानगी नाही आणि पॅलिएटिव्ह केअरचा त्याच्याशी संबंधही नाही.

घरी मृत्यू झाला तर २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करावी, तोवर त्याला शुल्क नाही. वारस नोंद, विमा, बँक सगळीकडं तोच दाखला लागतो. दवाखान्याची शेवटची फाइल आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरची चिठ्ठी जवळ ठेवली तर काम सोपं होतं. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या घरात ठेवू नयेत, कचऱ्यातही टाकू नयेत. जिथून आणल्या त्याच दवाखान्यात मोजून परत द्याव्यात.